शिकागोत एकच दिवस असेल तर

'भाच्याला शिकागोत एकच दिवस मिळतोय, त्याने काय बघावं?' या तुमच्या प्रश्नावर बहुतेकांनी विलिस टॉवर ही उंच इमारतच सुचवलीय. टॉवर बघू दे, पण सकाळ नदीवर घालवायला सांगा. इमारतींची माहिती देणारी बोटीची फेरी साधारण दीड तासाची असते. १९०० साली या नदीचा प्रवाहच उलटा फिरवला होता! तिथून चालत मिलेनियम पार्क. तिथलं 'क्लाउड गेट' हे चकचकीत शिल्प मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं. शेजारीच आर्ट इन्स्टिट्यूट. ११ सप्टेंबर १८९३ला विवेकानंद याच इमारतीत बोलले. पंचविशीत मी तिथे एकटाच उभा होतो, अंगावर काटा आला होता. आणि हो, शहराला लागून असलेल्या मिशिगन सरोवरावरचा वारा मे महिन्यातही बोचतो, जाकीट असू दे सोबत.