उत्तर: जुन्या लॅपटॉपला एलईडी बॅकलाइट
जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनमागे उजेड देणारी ट्यूब बदलून एलईडी पट्टी लावताना, ट्यूबला वीज पुरवणारा छोटा बोर्ड म्हणजे इन्व्हर्टर काढून पट्टीला सरळ १२ व्होल्ट दिले तर चालेल का, असं विचारलंयत. पेटेल, पण ब्राइटनेस कमी-जास्त होणार नाही आणि झाकण मिटलं तरी लाइट चालूच राहू शकतो, म्हणून ड्रायव्हर बोर्डवालीच (वीज आणि ब्राइटनेस सांभाळणारा छोटा बोर्ड सोबत असलेली) पट्टी घ्या. इन्व्हर्टरच्या सॉकेटमधल्या सप्लाय, ग्राउंड, इनेबल (लाइट चालू-बंद करणारी) आणि डिम (ब्राइटनेस कमी-जास्त करणारी) या वायरी आधी मल्टिमीटरने ओळखून ठेवा, चार्जर लावल्यावर सप्लाय १९ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, तेवढा ड्रायव्हरला झेपायला हवा. जुनी ट्यूब मात्र अगदी हळू काढा, पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक काच आणि आत पारा, माझी टोकाला काळी पडली होती. आमच्याकडे घोडबंदर रोडची धूळ भयंकर, स्क्रीनमागे उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या शीटमध्ये एक कण गेला तरी कायमचा डाग दिसतो, मी पंखा बंद करून बसलो होतो.