मदत हवी आहे: 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या खटल्यावर लिहायचं कसं?

लेस्टरकर:
नमस्कार मंडळी. मुलगी इकडे इयर टेनमध्ये आहे. जीसीएसईच्या (इथली दहावीसारखी बोर्डाची परीक्षा) इंग्रजी साहित्याला त्यांच्या शाळेने शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' घेतलंय. त्यात शायलॉक हा ज्यू सावकार अँटोनियो या ख्रिस्ती व्यापाऱ्याला कर्ज देतो, आणि ते वेळेत फिटलं नाही तर त्याच्या अंगातलं पौंडभर मांस कापून घ्यायचा करार करतो. पेपरात एक उतारा छापून येतो. आधी त्यावर लिहायचं, मग तोच मुद्दा सबंध नाटकात दाखवायचा, तोही पुस्तक जवळ न घेता. ३० गुण उत्तराला, ४ शुद्धलेखनाला.

सरावाला प्रश्न होता: चौथ्या अंकातल्या खटल्यात शायलॉकला न्याय मिळतो का? तिने पोटतिडकीने लिहिलं की सरळसरळ अन्याय झाला. अँटोनियो त्याला कुत्रा म्हणतो, अंगावर थुंकतो आणि कर्ज मागायला त्याच्याच दारी येतो. शायलॉकची मुलगी जेसिका दागिने घेऊन पळते. शेवटी कोर्ट पैसाही घेतं आणि धर्मही, त्याला बळजबरीने ख्रिस्ती व्हायला लावतं. बाईंचा शेरा आला, 'एकांगी. शेक्सपिअर काय करतोय ते दाखव.' तेव्हापासून घरात धुसफूस.

मी इंजिनिअर माणूस, एखादी जीवशास्त्राची शंका असती तरी बरं झालं असतं. पण तिने मलाच विचारलं की खटल्यात वकिलाच्या वेषात येऊन दयेवर एवढं सुंदर बोलणारी पोर्शिया, तिला मागणी घालायला आलेल्या मोरोक्कोच्या राजपुत्राच्या कातडीच्या रंगावरून तसं का बोलते? वर्गात त्यावर कोणी थांबलंच नाही म्हणे. शिवाय पाचवा अंक कशाला आहे, तेही कळत नाही. जाणकारांनी मदत करावी.

अरसिक:
उगाच गुंतागुंत. शायलॉक खलनायक आहे, सुरी पाजळत कोर्टात बसलाय. दुप्पट पैसे देतो म्हटलं तरी त्याला मांसच हवंय. तेव्हाच्या प्रेक्षकाने टाळ्याच पिटल्या असणार.

काळा कोट:
अरसिकराव, टाळ्या पिटल्या असतीलही. पण मग लेखकाने त्याच्या तोंडी इतके बिनतोड युक्तिवाद का घातले?

लेस्टरकर, मी नागपूरला वकिली करतो, त्यामुळे हा प्रवेश मी खटला म्हणूनच वाचतो. लेकीला सांगा, अन्याय झाला की नाही हे आधी ठरवू नकोस. कोणता कायदा कधी बाहेर काढला जातो, त्याचा क्रम बघ.

तिसऱ्या अंकात अँटोनियो स्वतःच सांगतो की व्हेनिसच्या राज्यप्रमुखाला, म्हणजे ड्यूकला, कायदा अडवता येणार नाही. परक्या व्यापाऱ्यांना इथे जे हक्क आहेत ते नाकारले, तर राज्याच्या न्यायाला बट्टा लागेल, आणि शहराचा व्यापार तर सगळ्या देशांच्या लोकांवर चालतो. म्हणजे व्हेनिसचं म्हणणं असं, की करारापुढे परका आणि आपला सारखाच. शायलॉकची सगळी भिस्त याच एका गोष्टीवर आहे. त्याला दया नको, मैत्री नको, कागद हवा. तो निर्दय आहे हे खरंच. पण ज्याच्यावर लोक रोज थुंकतात, त्याला त्या शहरात कागदाशिवाय दुसरं आहे काय?

आता खटला. वकिलाच्या वेषातली पोर्शिया पहिल्यांदा मान्य करते की करार वैध आहे. मग दया मागते. तिचा नवरा बसानियो, ज्याच्यासाठी मित्र अँटोनियोने हे कर्ज काढलं, म्हणतो कायदा थोडा वाकवा, तर ती साफ नाही म्हणते, कारण उद्या लोक हाच दाखला देतील. इथपर्यंत कायदा सगळ्यांना सारखा. त्यानंतर रक्ताचा मुद्दा येतो: मांस घे, पण थेंबभर रक्त सांडलं तर तुझी मालमत्ता जप्त. ही पळवाट आहे. १९व्या शतकातले जर्मन कायदेपंडित रुडॉल्फ फॉन येरिंग यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. मांस कापायचा हक्क मान्य केलात तर रक्त त्यात आलंच, नाहीतर करार आधीच रद्दबातल ठरवायचा होता.

पण खरी मेख त्याच्याही पुढे आहे. शायलॉक हरतो, मुद्दल तरी द्या म्हणतो, निघायला बघतो. तेव्हा पोर्शिया म्हणते, थांब, कायद्याचा तुझ्यावर आणखी एक अधिकार आहे. परक्याने व्हेनिसच्या नागरिकाचा जीव घ्यायचा प्रयत्न केला, तर त्याची अर्धी संपत्ती त्या नागरिकाला, अर्धी सरकारला, आणि प्राण ड्यूकच्या मर्जीवर. हा कायदा फक्त परक्यांसाठी आहे! शायलॉक या शहरात राहतो, इथेच धंदा करतो, इथेच त्याची मुलगी वाढली. तरी शेवटी कायद्याच्या लेखी तो 'परका'च. करारापुढची समानता शेवटच्या पाचदहा मिनिटांत गळून पडते.

आणि न्यायनिवाडा सांगणारी व्यक्ती कोण? वेष पालटून आलेली, कायद्याची पदवी नसलेली, आणि जिच्या नवऱ्याच्या मित्राचाच जीव पणाला लागलाय अशी. आमच्याकडे असा निकाल अपिलात एक दिवस टिकला नसता. २०१६ साली व्हेनिसमध्येच शायलॉकच्या अपिलाचा लुटुपुटीचा खटला चालवला होता, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग त्यात न्यायाधीश होत्या.

शिळोप्याची ओटी:
काळा कोट यांनी कायद्याची बाजू छान मांडलीये. मी चौतीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, थोडी इतिहासाची भर घालते.

हे नाटक १५९६ ते १५९८ च्या दरम्यानचं, छापलं गेलं १६०० मध्ये. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० सालीच हाकलून दिलेलं, परत उघडपणे राहायची मुभा मिळाली ती थेट १६५६ च्या सुमारास. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकाला ज्यू माहीत होता तो बहुतेक ऐकीव. त्यातच १५९४ मध्ये राणी एलिझाबेथचा वैद्य रोड्रिगो लोपेझ याला राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून फाशी दिलं. तो मूळचा पोर्तुगीज ज्यू कुळातला, धर्माने ख्रिस्ती झालेला. धर्म बदलूनही संशय सुटला नाही, हे शायलॉकच्या शेवटाशी जोडून बघावं.

खऱ्या व्हेनिसमध्ये १५१६ पासून ज्यूंना घेट्टोत, म्हणजे त्यांच्यासाठी आखलेल्या बंदिस्त वस्तीत, राहावं लागे. रात्री दरवाजे बंद, बाहेर पडताना वेगळ्या रंगाची टोपी. नाटकात घेट्टोचा उल्लेखही नाही, उलट शायलॉक रात्री बसानियोकडे जेवायला जातो.

व्याजाचंही सांगते. व्याज घेणं पाप, असं चर्च म्हणे. पण १५७१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये दहा टक्क्यांपर्यंतचं व्याज चालवून घेतलं जात होतं. खुद्द शेक्सपिअरच्या वडिलांवर १५७० मध्ये बेकायदा व्याजाचे आरोप झाले होते! तेव्हा 'सावकार म्हणजे ते, आपण नव्हे' हे ढोंग लेखकाला घरातूनच माहीत असणार. हे अनुमान माझं, पेपरात लिहू नये.

मोरोक्कोच्या राजपुत्राबद्दल तुमच्या मुलीने फार नेमकं हेरलंय. तो यायच्या आधीच पोर्शिया त्याचा रंग सैतानाचा म्हणते, त्याच्या तोंडावर गोड बोलते, आणि तो चुकीची पेटी निवडून गेल्यावर (तीनांतली बरोबर पेटी निवडेल त्याच्याशीच तिचं लग्न, अशी अट असते) म्हणते, त्याच्या रंगाच्या सगळ्यांनी अशीच निवड करावी. हीच बाई दोन अंकांनी दयेवर बोलते. ते भाषण खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पण त्या दयेचं कुंपण कुठे संपतं ते प्रेक्षकाने आधीच पाहिलेलं असतं.

लेस्टरकर:
बापरे, धन्यवाद! लेकीला वाचून दाखवलं. तिची लगेच शंका: मग बाईंना सांगू का, की शेक्सपिअर शायलॉकच्या बाजूने आहे?

नाट्यवेडी:
नको, तिथेच ती पुन्हा एकांगी होईल. शायलॉकचं 'ज्यूला डोळे नसतात का' हे भाषण शेवटपर्यंत वाचायला सांगा. सगळे अर्धंच पाठ करतात. सुरुवात माणुसकीने होते, पण ते संपतं सूडाच्या समर्थनाने: तुम्ही शिकवलेला दुष्टपणा मी करून दाखवीन, तुमच्यापेक्षा सरस. म्हणजे सहानुभूतीही खरी आणि धमकीही खरी, एकाच दमात.

प्रयोगांचा इतिहास हेच सांगतो. १८७९ मध्ये नट हेन्री आयर्विंगने लंडनच्या लायसियम नाट्यगृहात शायलॉक इतका करुण केला, की मुलगी पळून गेल्यावर तो रिकाम्या घराचं दार ठोठावतो असा प्रसंगच घातला. संहितेत तो नाही. उलट १९४३ साली नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नात नट वेर्नर क्राउसने तोच शायलॉक किळसवाणा ज्यू म्हणून उभा केला. नाटक दोघांनाही हाताशी धरता आलं, हे विसरू नये.

पाचव्या अंकाचं म्हणाल तर १९व्या शतकात तो बऱ्याचदा गाळलाच जायचा. शायलॉक गेल्यावर चांदणं, संगीत, अंगठ्यांची थट्टा बघायला कोण थांबणार? पण मला वाटतं तो हवाच. पोर्शियाच्या घरी, बेलमाँटमध्ये, सगळे सुखात आहेत आणि त्या सुखात शायलॉकचा पैसा आहे. जेसिका आणि तिचा नवरा लोरेन्झो यांना शायलॉकच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेचा कागद मिळतो, आणि लोरेन्झो म्हणतो, उपाशी लोकांपुढे तुम्ही मन्ना (बायबलमधलं आकाशातून पडलेलं अन्न) टाकलात. जेसिका मात्र त्या अंकात लवकर गप्प होते. गोड संगीत ऐकून मला कधी आनंद होत नाही, ही तिची शेवटची ओळ. नंतर ती रंगमंचावर असते, पण बोलत नाही.

काळा कोट:
उत्तरात गुलामांचं भाषण जरूर आणावं, ते कोणी आणत नाही. पोर्शिया यायच्या आधी शायलॉक भर कोर्टात म्हणतो, तुमच्याकडे विकत घेतलेले गुलाम आहेत, त्यांना मोकळं करा असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणाल ते आमचे आहेत. तसंच हे मांस माझं. याला ड्यूक उत्तरच देत नाही, विषय बदलतो. 'शेक्सपिअर काय करतोय' या शेऱ्याला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

लेस्टरकर:
हे तिने वहीत उतरवलं. आता पुस्तक नसताना ओळी पाठ करायच्या म्हणजे किती?

शिळोप्याची ओटी:
फार नकोत. चारपाच छोट्या, पण मूळ इंग्रजीत चोख. सूडाच्या भाषणाचा शेवट, दयेच्या भाषणाची पहिली ओळ, परक्यांच्या कायद्याची ओळ, मोरोक्कोवरची पोर्शियाची ओळ. आणि निकालानंतर शायलॉक 'मला बरं वाटत नाही' म्हणून जायची परवानगी मागतो ती. उतारा कुठलाही येवो, यातली एक तरी कामी येतेच.

अरसिक:
ठीक आहे, गुलामांचं भाषण मी वाचलं नव्हतं. आज वाचतो.