छोट्या संस्थेच्या कार्यालयाची पुराआधीची तयारी : सल्ला हवा (सांगली, बजेट १५ हजार)

कृष्णाकाठची : आमची नोंदणीकृत संस्था सांगलीच्या गावभागात कुटुंब सल्ला केंद्र चालवते. कार्यालय भाड्याचे आणि तळमजल्यावर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली (तिथली धोका पातळी ४५ फूट आहे), तेव्हा आमच्याकडे छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर लोखंडी कपाट काही केल्या उघडेना, कारण आतली रजिस्टरे फुगून दारांना घट्ट बसली होती. शेवटी कपाटाचा मागचा पत्रा कापावा लागला. जेल पेनने लिहिलेली इतिवृत्ते निळ्या डागांत विरून गेली होती, पण बॉलपेनने फाडलेल्या पावत्यांची स्थळप्रत मात्र सुकल्यावर वाचता आली. २०२१ ला आम्ही वेळेत सामान हलवले, परंतु काय आधी उचलायचे यावरच दोन तास वाद झाला. आता लेखी योजना करायची आहे. तीन संगणक, हिशेबाची एक टॅली (संगणकप्रणाली), महिलांच्या सुमारे अकराशे गोपनीय फाइली आणि हातात १५ हजार रुपये आहेत. कशापासून सुरुवात करावी?

संगणकमित्र : ताई, सरळ दोन डिस्कचा नॅस (कार्यालयातल्या सगळ्या संगणकांना जोडलेली साठवणपेटी) घ्या. मी माझ्या कार्यालयात सिनॉलॉजी कंपनीचा बसवला असून डिस्कसकट पन्नास हजारांच्या आत काम झाले. एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळे शाबूत राहते, आणि चार वर्षांत मला एकदाही मागे वळून पाहावे लागलेले नाही.

वाशिष्ठीतीर : नॅससुद्धा त्याच खोलीत बुडणार, त्याचे काय? २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या वाचनालयाचा संगणक टेबलावर होता, आणि टेबलच तरंगले. त्याहून मोठी चूक आम्ही नंतर केली. हार्ड डिस्क दोन दिवस उन्हात वाळवून चालू केली आणि ती कायमची गेली. भिजलेली डिस्क घरी कधीही चालू करून पाहू नये, ती तशीच जाणकाराकडे द्यावी. भिजलेल्या कागदांना ४८ तासांच्या आत बुरशी धरू लागते. तेवढ्या वेळात सगळे वाळवणे शक्य नसेल, तर गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि पुढे सवडीने थोडे थोडे काढून पंख्याखाली वाळवावेत. इस्त्री मात्र मुळीच फिरवू नये.

हिशेबनीस : मी तीन न्यासांचे लेखे पाहतो. नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा) उतारा, करसवलतीचे १२ए व ८०जीचे आदेश, पॅन, भाडेकरार आणि इतिवृत्ते हे आधी स्कॅन करा. आयकरासाठी हिशेबाची पुस्तकेही अनेक वर्षे जपावी लागतात. गुगल वर्कस्पेस (फाइली इंटरनेटवर, म्हणजे क्लाउडवर ठेवण्याची सेवा) पात्र ना-नफा संस्थांना विनामूल्य मिळते; सगळे त्यावर चढवावे. आणखी एक गोष्ट कुणीच बोलत नाही : आयकर पोर्टलचा आणि बँकेचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? आमच्या एका न्यासात तो फोन खजिनदारांच्या खिशातच भिजला आणि दोन आठवडे पगार अडले.

जुना_व्यापारी : मी अग्निरोधक तिजोरी घेतली आहे आणि तीच सर्वांत उत्तम, असे माझे ठाम मत आहे. किंमत जास्त वाटेल, पण वस्तू आयुष्यभराची आहे.

वाशिष्ठीतीर : अग्निरोधक म्हणजे जलरोधक नव्हे. आमच्या शेजारच्या दुकानातल्या तिजोरीतून चिखल घमेल्याने काढला आणि बिजागऱ्या गंजल्या त्या वेगळ्याच.

संगणकमित्र : नॅस पहिल्या मजल्यावर ठेवता येईल, हे मी गृहीत धरले होते.

हिशेबनीस : कार्यालय भाड्याचे आणि तळमजल्यावर आहे, हे त्यांनी लिहिले आहे. शिवाय खंडणीखोर व्हायरस आला, तर संगणकाला कायम जोडलेले सगळेच कुलूपबंद होते. वेगळी काढून ठेवलेली प्रतच वाचते.

विमाधारक : विम्याशिवाय योजना अपुरी आहे. १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पूर समाविष्ट असतो. खरेदीची बिले आणि खोलीचे फोटो कार्यालयाबाहेर ठेवा. माझा दावा बिलांअभावी निम्म्यावर आला.

मिरजेहून : माझेही मत क्लाउडच. टॅलीचा बॅकअप रोज चढवावा.

कृष्णाकाठची : सर्वांची मनापासून आभारी आहे. कार्यकारिणीत चर्चा झाली आणि आमचा निर्णय बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध गेला आहे. नोंदणीची कागदपत्रे आणि टॅली क्लाउडवर ठेवू, परंतु महिलांच्या फाइली ठेवणार नाही. ज्या बाईने नवऱ्यापासून पत्ता लपवला आहे, तिचा कागद कुणाच्या तरी फोनवर उघडू शकेल अशी शक्यताही आम्हांला नको. त्या फाइली दोन पोर्टेबल डिस्कवर व्हेराक्रिप्टने (पासवर्डशिवाय न उघडणारे कुलूप लावणाऱ्या प्रणालीने) कुलूपबंद करून एक कार्यालयात आणि एक विट्याला आमच्या विश्वस्त ताईंकडे राहील. दर महिन्याला अदलाबदल होईल. पासवर्ड दोन बंद पाकिटांत, दोन वेगळ्या घरी. उरलेल्या पैशांतून झाकणाचे प्लॅस्टिकचे क्रेट घेतले आहेत. क्रमांक १ ते ४ लाल रंगाचे असून पाणी ३५ फुटांवर गेले, की म्हणजे ४० फुटांच्या इशारा पातळीची वाट न पाहता, ते सांगलीच्याच विश्रामबाग भागात हलवायचे. कोण, कुणाच्या टेम्पोने, हे दारामागे लिहून लावले आहे. ओटीपीचा क्रमांकही संस्थेच्या नावाने वेगळा घेत आहोत. विम्याचे पुढच्या वर्षी पाहू.

हिशेबनीस : विमा पुढे ढकलू नका, ही विनंती. आणि बॅकअप घेतला म्हणजे झाले नाही. तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला का?

कृष्णाकाठची : अजून नाही. पहिली डिस्क शनिवारी विट्याला जाणार आहे. त्याआधी माझ्या घरच्या लॅपटॉपवर तिच्यातल्या दहा फाइली आणि टॅलीचा मार्चचा ताळेबंद उघडून पाहते आणि इथे कळवते.