हलकी सॅक घेऊनही खांदे भरून येतात : माप चुकलं की सॅकच? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझी जुनी ६५ लिटरची सॅक रिकामीच अडीच किलो भरायची. यंदा ती बाजूला ठेवून ४५ लिटरची, ९०० ग्रॅमची, बिनफ्रेमची (म्हणजे पाठीला आधार देणारा कडक सांगाडा नसलेली) सॅक घेतली. पाठीला फक्त फोमची घडी आहे. पहिल्याच चालीत दोन तासांत खांदे भरून आले आणि उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. जुनी सॅक याहून जास्त सामान भरून दिवसभर वाहिली आहे, तेव्हा असं कधीच झालं नव्हतं. म्हणून जास्तच वाईट वाटतंय.

पाणी धरून वजन ११ किलो होतं. घरी आल्यावर बायकोकडून पाठ मोजून घेतली. मान खाली घातली की जो मणका वर येतो तिथून सुरुवात केली. मग कमरेच्या हाडांवर हात ठेवले आणि मागे अंगठ्यांच्या रेषेपर्यंत टेप धरला. ५१ सेंमी भरली. सॅकच्या लेबलवर 'एम : ४३ ते ४८' लिहिलंय. मी साइज निवडला होता उंचीवरून, तिथेच घोळ झाला असावा.

कमरपट्टा हाडावर बांधला तर खांद्याचे पट्टे मागून खाली ओढतात. पट्टे सैल होईपर्यंत सॅक वर घेतली, तर कमरपट्टा पोटावर चढतो.

मोठा साइज घ्यावा, की मुळात फ्रेमचीच सॅक घ्यावी?

प्रतिसाद :
साइज लहान आहे हे नक्की. पण ११ किलोही बिनफ्रेमच्या सॅकला जास्तच. साधारण ८-९ किलोपर्यंत ती सुखाने चालते. त्यापुढे पाठीकडची बाजू दबून घडी पडते आणि आधीच आखूड असलेली सॅक आणखी आखूड होते. मग कमरेवर जायचं वजन खांद्यांवर येतं.

नवीन घेण्याआधी एक करून बघा. झोपायची फोमची चटई सॅकच्या आत उभी, गोल गुंडाळून लावा आणि सामान त्या नळकांड्यात गच्च भरा. जड वस्तू पाठीला चिकटून हव्यात. सगळे पट्टे सैल करून आधी कमरपट्टा आवळा, मग खांद्यांचे, छातीचा सगळ्यात शेवटी. आणि मुंग्या आल्या की लगेच थांबून खांद्यांचे पट्टे सैल करत जा, अंगावर काढू नका.

धागाकर्ता :
मनापासून आभार! चटई गुंडाळून ७ किलो भरले आणि तासभर जिने चढलो-उतरलो. मुंग्या अजिबात नाहीत. कमरपट्टा मात्र दर दहा मिनिटांनी वर सरकतोच.

प्रतिसाद :
म्हणजे आता उरलं ते मापच. एल साइज बघा, पण ११ किलो भरूनच घालून बघा. रिकामी सॅक सगळ्यांनाच बरोबर बसते. आणि सामान कमी होणार नसेल, तर पाठीला अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची फ्रेम असलेली घ्या. तीन-चारशे ग्रॅम वाढतील, पण खांदे सुटतील.