मदत हवी: 3 नंबरच्या बोअरला रेघ, बोअरिंग की स्लीव्ह?

कळंबोलीवाला: ट्रकच्या इंजिनाचा ब्लॉक मशीनशॉपला टाकलाय. 3 नंबरच्या बोअरला (पिस्टन चालतो ते भोक) उभी रेघ आहे. शॉपवाला म्हणतो सहाही बोअरना स्लीव्ह (आत बसवायची नळी) मारू. सकाळी उत्तर द्यायचंय. नुसत्या बोअरिंगवर (बोअर कापून मोठा करून) भागेल का? लवकर सांगा.

जाड_ग्रीस: इंजिन कुठलं? रेघेत नख अडकतं का? इंजिन मुळात उघडलं कशासाठी?

कळंबोलीवाला: टाटा 1613 ट्रक आहे. नख अडकतं.

वागळे_बोअर: 1613 ला टाटाचं 697 इंजिन पण यायचं आणि कमिन्सचं 6बीटी पण. बोअर 97 मिमी की 102?

कळंबोलीवाला: 102. कमिन्स.

वागळे_बोअर: मग त्याला मुळात लायनर (वेगळी नळी) नाहीच, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतो. बोअर गेज तीन जागी लावा: वर रिंग फिरते तिथे, मध्ये आणि खाली. प्रत्येक जागी क्रँकच्या रेषेत एकदा आणि आडवं एकदा. 102.116 च्या वर माप, ओव्हल (एकाच जागच्या दोन मापांतला फरक) 0.038 च्या वर किंवा टेपर (वरच्या-खालच्या मापांतला फरक) 0.076 च्या वर गेला तर बोअरिंग आलंच. ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचे) पिस्टन 0.50 आणि 1.00 चे मिळतात. त्यातही रेघ निघाली नाही तर त्या एकाच बोअरला स्लीव्ह.

तुर्भे_डिझेल: ओव्हरसाइझ पिस्टन शोधत कोण फिरणार? सहाही स्लीव्ह मारा, स्टँडर्ड पिस्टन टाका, मोकळे व्हा.

वागळे_बोअर: चांगल्या पाच बोअरच्या भिंती कशाला पातळ करायच्या? स्लीव्ह ब्लॉकला सगळीकडून टेकली नाही तर उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पिस्टन पुन्हा धरतो.

पनवेल_46: ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो. आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर पासिंगला अडकेल.

कळंबोलीवाला: ब्लॉक बदलत नाहीये हो. रेडिएटरमध्ये तेल येत होतं म्हणून उघडलं.

जाड_ग्रीस: आणि हे आत्ता सांगताय! संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) पाणी होतं का?

कळंबोलीवाला: नाही.

जाड_ग्रीस: मग पहिला संशय ऑइल कूलरवर (तिथे तेल पाण्याने गार होतं). इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं. कूलरची तेलाची बाजू बंद करून हवा भरा, कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे बघा. कूलर चांगला निघाला तर हेड गॅस्केट नाहीतर क्रॅक. कोअर प्लग (पाण्याच्या भोकांची झाकणं) आणि गॅलरीचे (तेलाच्या वाटांचे) प्लग काढून ब्लॉक कॉस्टिक सोड्यात धुवून घ्या, कॅम बुश (कॅमशाफ्टचे बेअरिंग) आधी काढा. मग पाण्याच्या वाटांना प्लेट लावून गरम पाण्यात प्रेशर टेस्ट. बोअरिंगचे पैसे त्यानंतर. डेकवर (ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूवर) स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून 0.075 ची फीलर (पातळ पत्री) खालून जाते का तेही बघा.

कळंबोलीवाला: ठीक. 3 नंबरच्या बोअरला वरच्या बाजूला 102.13, खाली 102.04. रेघ किती खोल ते गेजवर कळत नाही.

वागळे_बोअर: अरुंद रेघेत गेजचं टोक उतरतच नाही. टेपर 0.09, म्हणजे बोअरिंग नक्की. 0.50 मध्ये एका बाजूने 0.25 च निघतं, त्यातलं थोडं आधीच झिजलंय. शॉपला सांगा 102.40 पर्यंत कापून थांब. रेघ दिसत राहिली तर 1.00. साइझ ठरल्यावरच पिस्टन आणा आणि शेवटचं होनिंग (दगडाने बारीक घासणं) पिस्टन हातात घेऊन, मोजून.

तुर्भे_डिझेल: मेन सॅडलमधले (क्रँक बसतो त्या जागेतले) पिस्टनवर तेल मारणारे नॉझल चुऱ्याने बुजतात, हवा मारून तपासा. टायमिंग केसमधली (पुढच्या गिअरच्या पेटीतली) डॉवेल पिन पण बघा, सुटली तर गिअरमध्ये पडते.

कळंबोलीवाला: कुठली पिन? फोटो आहे का?