अनुभव धागा: शहरातली रोजची सायकल आणि रस्त्यावरचे बाकीचे सगळे

कसबा_ते_कोथरूड
काल पुण्यात पेठेतल्या एका सायकलच्या दुकानाबाहेर बाटली डायनॅमो (टायरवर घासून फिरणारा, दिव्याला वीज देणारा) आणि साडीची जाळी टांगलेली दिसली आणि शाळा सुटायच्या वेळचा टिळक रस्ता डोळ्यांपुढे आला. तेव्हा पुढेमागे सायकलीच असायच्या, त्यामुळे वेगळं काही शिकावं लागत नसे. आता रस्ता तोच, पण शेजारी बस, रिक्षा, स्कूटर आणि फूटपाथ संपला म्हणून खाली उतरलेले लोक.

रोज कामाला, भाजीला, क्लासला सायकल वापरणाऱ्यांनी हाताशी असलेली माहिती लिहा. 'सावकाश जा, हेल्मेट घाला' एवढ्याने नव्याने सुरू करणाऱ्याचं भागत नाही. किती अंतर, कुठे नजर, काय आधी बिघडतं, असं नेमकं हवं.

सुरुवात मी करतो. डाव्या कडेला चिकटून चालवू नका. कडेचा अर्धा-पाऊण मीटर म्हणजे चेंबरची झाकणं, वाळू, आणि डांबर व काँक्रीटच्या गटारपट्टीमधली लांब फट. सायकलचा तोल हँडल बारीक बारीक हलवूनच सांभाळला जातो. चाक फटीत अडकलं की हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. म्हणून कडेपासून मीटरभर आत. बाजूला गाड्या उभ्या असतील तर अंतर गाड्यांपासून मोजायचं. मोटारीचं दार साधारण मीटरभर बाहेर येतं आणि आपलं हँडल मध्यापासून ३० सेंमी, म्हणजे चाक गाडीपासून सव्वा ते दीड मीटरवर हवं. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरून परत बाहेर येऊ नका. सरळ रेषेत राहिलात तर मागच्याला तुम्ही सतत दिसता.

पर्वती_पायथा
दाराबद्दल मोटारवाल्यांनाही सांगा हो. ड्रायव्हरने दार डाव्या हाताने उघडायचं, म्हणजे लांबच्या. खांदा आपोआप वळतो, आधी आरसा दिसतो आणि मग मागचा रस्ता. डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. घरातल्या मुलांना ही सवय आठवड्यात लागते. सिग्नलला थांबलेल्या कॅबमधून डावीकडे उतरणारे लोक सगळ्यात धोक्याचे, कारण नेमकी तिथूनच सायकल पुढे सरकत असते.

चेनकव्हर
बसच्या डावीकडून कधीच जाऊ नये. सिग्नलला बस थांबली आहे, डावीकडे जागा दिसतेय, तरी नाही. बस वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, आतून कापत जातात. वळणाच्या सुरुवातीला मोकळी दिसणारी जागा वळण संपेपर्यंत बंद होते. बसच्या मागे उभे राहा, तेही इतक्या अंतरावर की चालकाचा आरसा तुम्हाला दिसेल. तुम्हाला आरसा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

थांब्यावर शिरणाऱ्या बसला पुढे जाऊ द्या. तिला उजवीकडून ओलांडायचं तर आधी मागे बघा, मग हात, मग बाहेर.

रिक्षाचं पुढचं चाक बघायचं. हात बाहेर येईल न येईल, चाक आधी वळतं. रिकामी रिक्षा आणि फूटपाथवर हात केलेला माणूस एकाच वेळी दिसला, तर रिक्षा डावीकडे येणार हे धरूनच चाला.

मेथीची_जुडी
+१ रिकामी रिक्षा. फोन बघत हळूहळू चाललेली कॅब पण त्यातच धरा.

जुना_घोडा
हाताच्या खुणेत एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या मुठीत असतो. उजवीकडे वळायची खूण केली की तो हात सुटला, हातात राहिला फक्त मागचा. सायकल थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. म्हणून क्रम असा: आधी वेग कमी, मग मान वळवून मागे, मग हात दोन-तीन सेकंद, मग परत मुठीवर, आणि शेवटी वळण. वळताना दोन्ही हात हँडलवरच हवेत.

स्वतःच्या सायकलचा पुढचा ब्रेक कुठल्या मुठीत आहे हे एकदा तपासून घ्या. परदेशी मॉडेलमध्ये उलटंही असतं.

उत्तरेचा_वारा
कोपनहेगनहून. इथे वाहनं उजवीकडून चालतात आणि चौकात सायकलवाल्याने थेट डावीकडे कापायचं नाही असा नियमच आहे. सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं, सायकल वळवायची आणि पुढे जायचं. आपल्याकडे हेच आरशातल्यासारखं उलटं करा. नळस्टॉप किंवा स्वारगेटसारख्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर तीन रांगा कापत मध्ये जाऊ नका. डावीकडूनच सरळ जा, पलीकडे झेब्राच्या अलीकडे थांबा, सायकल उजवीकडे वळवा आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की निघा. एक सिग्नल जास्त लागतो, बाकी काही नाही.

थांबायच्या आधी इथे पंजा वर करून मागच्याला दाखवतात. सायकलींच्या गर्दीत फार उपयोगी, कारण सायकलला ब्रेकलाइट नाही.

सकाळी_साडेसहा
सायकल ट्रॅकवर चालणाऱ्या माणसांबद्दल लिहितो. हा विषय जिव्हाळ्याचा आहे आणि त्यावर भांडणच जास्त होतं.

जंगली महाराज रस्त्यासारखा फूटपाथच्याच उंचीवरचा ट्रॅक असेल तर लोक त्यावर चालणारच. तिथली फरशी सपाट असते, झाडाचा ओटा नसतो, विजेची पेटी नसते. अशा ठिकाणी जास्त वेगाच्या माणसाने जागा द्यायची. माणूस ताशी ४-५ किमी चालतो. तुम्ही १० ते १२ च्या वर जाऊ नका. याहून वेगात जायचं असेल तर रस्त्यावर उतरा.

घंटी ८-१० मीटरवरून, एकदाच, छोटी. पाठीशी येऊन वाजवली तर माणूस दचकून आवाजाच्याच दिशेला सरकतो. घंटीनंतर पायडल थांबवा. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते आणि तुमचा वेग उतरतोय हेही त्यावरून कळतं. मग 'उजवीकडून येतोय काका' एवढं बोला, दिशा सांगून. नुसतं 'बाजूला' म्हटलं की दोघं चालणारे दोन दिशांना होतात.

मूल हात धरून चालत असेल तर मोठ्या माणसाच्या बाजूने जा, मुलाच्या बाजूने नको. कुत्रा असेल तर पट्ट्याची दोन्ही टोकं आधी शोधा. माणूस एका कडेला, कुत्रा दुसऱ्या आणि मधली दोरी संध्याकाळी दिसत नाही. कानात इयरफोन असतील तर घंटी वाजलीच नाही असं समजून चालण्याच्या वेगाने जा.

आणि उठावाच्या पिवळ्या फरश्यांवर सायकल लावू नका. त्या अंध माणसाच्या काठीसाठी आहेत. तिथे उभी सायकल म्हणजे त्याच्या वाटेत भिंत.

पर्वती_पायथा
सकाळी_साडेसहा, हे छापून सोसायटीच्या फळ्यावर लावते. वाचनखूण साठवली.

मधली_गल्ली
पण ट्रॅकवर स्कूटर येतात त्याचं काय? चालणाऱ्यांनाच किती सांगायचं?

दोन_मीटर
मधली_गल्ली, तुमचं म्हणणं रास्त आहे. पदपथ किंवा सायकलमार्ग असेल तर त्यावर मोटार वाहन चालवायचं नाही हे १९८९ च्या रस्ता नियमांमध्येच लिहिलेलं होतं.

पण ट्रॅकच्या तोंडाशी खांब लावून स्कूटर थांबत नाही, त्याचं कारण मापात आहे. व्हीलचेअर जायला किमान ९० सेंमी मोकळी जागा लागते. स्कूटर हँडलपाशी साधारण ७० सेंमी रुंद, सायकल ६० च्या आसपास. म्हणजे व्हीलचेअर जाईल अशा प्रत्येक फटीतून स्कूटर जाणार. खांब अडवतात ते मोटारी आणि रिक्षांना, आणि तेवढ्यासाठी ते हवेतच. स्कूटर अडवायला लोक आडवेतिडवे पाइप लावतात, तेव्हा अडकते ती व्हीलचेअर, बाबागाडी आणि मागे पेटी असलेली सायकल. ट्रॅक रस्त्यापासून उंच असेल, चौकात तुटत नसेल आणि त्यावर सायकली सतत असतील तर स्कूटर कमी येतात. रिकामा ट्रॅक सगळ्यांना मोकळा रस्ता वाटतो.

रुंदीचंही तसंच. एकेरी ट्रॅक २ मीटरच्या खाली गेला की एक सायकल दुसरीला ओलांडू शकत नाही. मग वेगवाला रस्त्यावर उतरतो आणि ट्रॅक रिकामाच दिसतो. वॉर्डात तक्रार करताना 'ट्रॅक खराब आहे' असं लिहू नका. टेप लावून मोजा आणि 'अमुक खांबापाशी १.१ मीटर' असं फोटोसकट द्या.

पाऊस_आला_मोठा
माझे पावसाचे मुद्दे.
जुन्या पद्धतीची स्टीलची चकचकीत रिम असेल तर ओली झाल्यावर रबर जवळजवळ पकडत नाही. चौकाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका दाबून ठेवा. चाकाच्या काही फेऱ्यांत पाणी पुसलं जातं आणि मगच ब्रेक लागतो. ॲल्युमिनियमच्या रिमला हा त्रास कमी, डिस्क ब्रेकला त्याहून कमी.
झेब्राचे जाड पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, खोदकामावर टाकलेल्या पत्र्याच्या प्लेटा: यांवर ब्रेकही नको आणि वळणही नको. सरळ, पायडल न मारता.
गटाराच्या जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेने असतील तर बारीक टायर आत जातो. आडव्या असतील तर धोका नाही. पुलावरचे सांधे काटकोनात ओलांडा.
डबक्यातून जाऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही. पण ते टाळायला ऐनवेळी उजवीकडेही झपकन जाऊ नका. २० मीटर आधीच रेषा बदला.

मेथीची_जुडी
हँडलला भाजीची पिशवी अडकवू नका. वळताना ती पुढच्या चाकाच्या तारांत जाते आणि चाक जागच्या जागी थांबतं. मागे कॅरिअरला दोन्ही बाजूंना सारखं वजन, जितकं खाली तितकं चांगलं. हलक्या कॅरिअरवर बहुधा २५ किलोची मर्यादा छापलेली असते, तीत मूल बसवायचा विचारही नको.
ओढणीला गाठ मागे नको, पोटाशी. साडीसाठी मागच्या चाकाची जाळी अजून मिळते. मूल मागे बसत असेल तर तीच जाळी त्याच्या पायासाठी लावून घ्या. टाच तारांत जाणं ही लहान मुलांना होणारी ठरलेली इजा आहे. पायाला टेकू असलेली सीट घ्या, पाय लोंबकळत नकोत.

चेनकव्हर
ताई, जाळीचा मुद्दा लाखमोलाचा. दूधवाल्यांच्या सायकली बघा. मागच्या चाकाला ४० तारा, पुढे ३२, कारण वजन सगळं मागे. हलक्या चाकावर तेवढं वजन टाकलं की मागच्या तारा एकेक करून तुटायला लागतात.

जुना_घोडा
रात्रीचं राहिलं. मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर दोन्ही. बॅटरी संपली तरी रिफ्लेक्टर संपत नाही. पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नका, वरखाली हलणारा ठिपका पाहून लांबूनच सायकल ओळखू येते. पुढचा दिवा खाली कलता, उजेड ८-१० मीटरवर जमिनीला लागेल असा. ट्रॅकवर झगझगीत लुकलुक नको, समोरून चालत येणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि तो कुठल्याही बाजूला जातो.
डायनॅमो बहुधा ६ व्होल्ट ३ वॅटचा. थांबलात की दिवा गेला, नेमका चौकात. म्हणून सोबत एक सेलचा दिवा मागे लावाच.

सोल्यूशन_ट्यूब
पंक्चरचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून घाईत लिहितो.
आधी व्हॉल्व्ह. थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, वॉलट्यूब, तडकली की रोज हवा उतरते आणि लोक पंक्चर शोधत बसतात. दोन तुकडे खिशात ठेवा.
पंक्चरच असेल तर: टायर दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा, मग टायर काढायची पट्टी घाला, सैल निघतं. ट्यूब फुगवून पाण्यात, भोकाला खूण, कोरडी. पॉलिश पेपरने पॅचपेक्षा मोठा भाग चकाकी जाईपर्यंत घासा. सोल्यूशन पातळ लावा आणि ३ ते ५ मिनिटं थांबा. ओल्यावर पॅच लावतात म्हणून तो निघतो. मग दाबा. टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा किंवा तारेचा तुकडा तिथेच असतो. टायर चढवताना व्हॉल्व्हपाशी शेवट करा आणि व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे ट्यूब खाली चिमटत नाही.
भोकावरून कारण कळतं. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा = हवा कमी होती, खड्ड्यात रिमने चिमटली. भोक आतल्या बाजूला = रिमपट्टी (रिमच्या आत तारांची टोकं झाकणारी पट्टी) सरकून तारेचं टोक लागलं. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली = कमी हवेवर चालवून टायर रिमवर सरकला, ती ट्यूब बदलाच.
हवेचं माप टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. २६ × १.९५ इंची टायरला शहरात ४०-५० पीएसआय, मागे थोडी जास्त.

लांबचा_पल्ला
अवांतर: पुणे मेट्रोत सायकल नेता येते, मुंबईत मेट्रोच्या २ए आणि ७ या मार्गांवरही. चढताना सायकल आपल्या शरीराच्या आणि दाराच्या मध्ये ठेवा, पायडल लोकांच्या पोटऱ्यांकडे नको. चेनचं तेल आदल्या दिवशी पुसून घ्या, दुसऱ्याच्या कपड्यांना लागतं.

मधली_गल्ली
सोल्यूशन_ट्यूब दादा, घरात आईची २६ ची लेडीज सायकल पडून आहे. मागचं टायर पार चिरलंय. दुकानात २६ × १.९५ दिलं, ते बसतच नाही. '२६ म्हणजे २६' म्हणतात.

सोल्यूशन_ट्यूब
बसणार नाही. दोन्ही '२६', पण रिमचं माप वेगळं. तुमचं २६ × १ ३/८, टायरवर बारीक अक्षरात ३७-५९० लिहिलेलं असेल. दुकानदाराने दिलंय ते ५५९ मिमीवालं, गिअरच्या सायकलचं. जुनं टायर सोबत न्या आणि तो शेवटचा तीन आकडी आकडा जुळवून घ्या. ट्यूबही त्याच मापाची घ्या, आणि रिमपट्टी नवीन.

मधली_गल्ली
५९० लिहिलंय खरंच! पुसल्यावर दिसलं. उद्या नेतो.