किम आडनाववाले सगळे एकाच घराण्यातले का?

ऐरोलीकर: आमच्या ऑफिसात कोरियाहून तिघं आलेत, तिघंही किम, रोज मेल भलत्यालाच जातो. भाऊबंद का विचारलं तर हसले, म्हणे गाव वेगळं. म्हणजे?

घोडबंदरची_मावशी: त्याला बोनग्वान म्हणतात, मूळ पुरुषाचं गाव. गिम्हेचे किम राजा सुरोचे वंशज, ग्योंगजूचे किम हे अल्जी नावाच्या मूळ पुरुषाचे, तो म्हणे सोन्याच्या पेटीत सापडला, आणि किम म्हणजे सोनंच. आपल्याकडे नाही का दहा जाधव असले तरी देवक विचारल्याशिवाय सोयरीक होत नाही, तसंच.

ऐरोलीकर: मग लग्नाचं काय?

कोपरखैरणे_काका: आडनाव नि बोनग्वान दोन्ही एक असेल तर कायद्यानेच बंदी होती, १९९७ ला तिथल्या घटना न्यायालयाने उडवली, २००५ ला कायदाच बदलला. गंमत म्हणजे गिम्हेचे हॉ आडनाववाले पण सुरोचेच, दोन मुलांना राणीचं आडनाव दिलं म्हणे, म्हणून किम-हॉ लग्नं टाळायचे. ती राणी 'सामगुक युसा' या जुन्या कोरियन कथा-इतिहासाच्या ग्रंथात अयुता देशाची, की आपले लोक लगेच अयोध्या म्हणून मोकळे, दंतकथा आहे राव!

ऐरोलीकर: भारी. उद्या चहाला विचारतो कोण कुठला ते. पण मेलचं काय करू? 😄